जुन्या नावाचा पासपोर्ट आणि परदेशप्रवास : बेळगाव-खानापूर-निपाणी भागातील पारलिंगी व्यक्तींसाठी चर्चा

मलप्रभाकाठ | सप्टेंबर २०२५

नमस्कार. मी मूळची खानापूर तालुक्यातील असून सध्या बेळगावात टिळकवाडीला भाड्याने राहते आणि उद्यमबागेतील एका कारखान्याच्या डिझाइन विभागात काम करते. येत्या एप्रिलमध्ये जर्मनीत हॅनोव्हर येथे जे औद्योगिक प्रदर्शन भरते, त्यासाठी कारखान्यातर्फे जाणाऱ्या तिघांत माझी निवड झाली आहे.

अडचण कागदपत्रांची आहे. माझा पासपोर्ट २०१७ सालचा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी काढलेला असून त्यावर जुने नाव, पुरुष अशी नोंद आणि मिशी असलेला फोटो आहे. मी ट्रान्स स्त्री आहे. डी.सी. (जिल्हाधिकारी) कचेरीकडून मिळालेले पारलिंगी व्यक्तीचे ओळख प्रमाणपत्र माझ्याकडे आहे आणि त्याच्या आधारे आधारकार्डावरील नाव, लिंग व फोटो मी बदलून घेतले आहेत. मात्र पॅन, पासपोर्ट, व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची) पदवी आणि एसएसएलसीची (दहावीची) गुणपत्रिका जुन्याच नावाने आहेत. हार्मोनचे उपचार चालू आहेत, शस्त्रक्रिया झालेली नाही.

पासपोर्टची मुदत २०२७ पर्यंत असल्यामुळे घरचे आणि कार्यालयातील काही जण म्हणतात की आहे त्याच पासपोर्टवर एकदा जाऊन यावे आणि बदलाचे पुढे पाहावे. मला तसे करण्याची इच्छा नाही, परंतु प्रश्न माझ्या एकटीच्या इच्छेचा नसून कारखान्याच्या खर्चाचाही आहे. जाणकारांनी मत द्यावे.

खडेबाजार_तिकीट

मी तिकिटांचा आणि व्हिसाच्या कागदपत्रांचा व्यवसाय करतो, त्यामुळे माझे मत धंद्याच्या अनुभवातून आलेले आहे, ते तसेच घ्यावे.

विमान कंपनीला तुमचा चेहरा, तुमचे राहणीमान किंवा तुमचे खरे नाव यांपैकी कशाशीही कर्तव्य नसते. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट या तिन्हींवरची अक्षरे एकच आहेत की नाहीत, एवढेच तिचा कर्मचारी पाहतो, कारण कागद चुकीचे निघाले आणि प्रवाशाला समोरच्या देशाने परत पाठवले तर दंड आणि परतीचा खर्च कंपनीच्या गळ्यात पडतो. म्हणून माझ्यासमोर असे प्रकरण आले तर मी विचारतो, ‘सगळे कागद जुने आहेत की सगळे नवे आहेत?’ दोन्हींपैकी काहीही चालते. निम्मे जुने आणि निम्मे नवे असतील तर मात्र प्रवास अडतो, आणि तुमची स्थिती आज तीच आहे. कारखान्याचे पत्र नव्या नावाने जाणार, आयकर विवरणपत्र जुन्या नावाने जाणार, आणि बँकेचे खाते कोणत्या नावाने आहे ते तुम्ही लिहिलेलेच नाही.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे जर्मनीसह युरोपातील अनेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, पासपोर्ट मागील दहा वर्षांत काढलेला असावा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने त्याची मुदत शिल्लक असावी, अशी अट आहे. ती तुमचा जुना पासपोर्टही पूर्ण करतो. त्यामुळे जुन्यावर जाता येणार नाही असे नाही. केस बांधून, साधा शर्ट घालून जाणारे प्रवासी मी पाहिले आहेत.

मलप्रभाकाठ

बँकेचे खाते नव्या नावाने आहे. केस बांधून जाण्याची सूचना मी नोंदवून घेतली. ती मान्य नाही.

निपाणीवाला

मी ट्रान्स पुरुष आहे, निपाणीचा असून नोकरीनिमित्त पुण्यात असतो. शस्त्रक्रियेसाठी मी बँकॉकला गेलो, तेव्हा माझ्या पासपोर्टवर स्त्री अशी नोंद होती आणि माझ्या चेहऱ्यावर दाढी होती. त्यामुळे ‘जुन्यावर जाऊन यावे’ या सल्ल्याचा अर्थ काय होतो, हे मला थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते.

मुंबईच्या विमानतळावर बॅगा देण्याच्या खिडकीवर माझा पासपोर्ट दोनदा उलटसुलट झाला, मग तो वरिष्ठांकडे गेला, मग माझ्यामागच्या रांगेला दुसरी खिडकी दाखवण्यात आली. कोणी अपशब्द वापरला नाही. पण पासपोर्ट तुमचाच आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी संपूर्णपणे तुमच्यावर येऊन पडते, आणि तेही अनोळखी माणसांच्या देखत. मी आधीच तयारी करून गेलो होतो म्हणून निभावले. ओळख प्रमाणपत्राची मूळ प्रत, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे इंग्रजीतील पत्र, आधारकार्ड आणि मधल्या वर्षांतील काही फोटो एकाच फाइलमध्ये होते. खिडकीवरच्या माणसाने प्रश्न विचारण्यापूर्वी मीच हळू आवाजात म्हणालो की फोटो जुना आहे, कारण असे आहे, आणि शक्य असेल तर बाजूला बोलू. समोरचा माणूस गोंधळण्याआधी त्याला कारण मिळाले, की बहुतेक वेळा त्याचा आवाजही खाली येतो.

सुरक्षा तपासणीत स्त्रियांच्या पडद्याआड जायचे की पुरुषांच्या रांगेत, हा प्रश्न पासपोर्टवरील अक्षराने सुटत नाही. तो तिथल्या जवानाशी बोलूनच सोडवावा लागतो. छातीला बांधलेला पट्टा किंवा आत घातलेला कृत्रिम भाग हाताला लागला तर चौकशी होते, म्हणून स्वतंत्र खोलीत तपासणी करावी अशी विनंती करावी.

आता मुख्य मुद्दा. थायलंडमध्ये प्रवेश करताना चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. पुढे माझा पासपोर्ट बदलला आणि मी पुन्हा तपासणीसाठी गेलो, तेव्हा ठसे जुन्या नावाखाली नोंदलेले होते आणि पासपोर्ट नव्या नावाचा होता. रद्द झालेला जुना पासपोर्ट सोबत नेला होता, म्हणून अधिकाऱ्याचे समाधान झाले. युरोपातही १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी प्रवेश-निर्गमन नोंद पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू होत आहे. तीत पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे संगणकात नोंदले जातील आणि ती नोंद सर्वसाधारणपणे तीन वर्षे राहील. मलप्रभाकाठ ताई, आपण एप्रिलमध्ये जुन्या पासपोर्टवर गेलात तर आपली युरोपातील पहिलीच नोंद जुन्या नावाने आणि पुरुष म्हणून होईल, आणि नंतरच्या प्रत्येक खेपेला ती पुसट न होता समोर येत राहील. बदल करायचाच असेल तर तो पहिल्या व्हिसाच्या आधी करावा, असे मला यावरून वाटते.

कॅम्पातील_वकील

कायद्याची बाजू सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला. त्यानंतरचा २०१९ चा पारलिंगी व्यक्ती संरक्षण कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याचे नियम त्याच वर्षी आले. कलम ६ खालचे प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात, २०२० च्या नियमांनुसार त्यासाठी कोणतीही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी करता येत नाही, आणि त्यावर पारलिंगी अशी नोंद असते. आपल्याकडे तेच आहे. कलम ७ खालचे सुधारित प्रमाणपत्र स्त्री किंवा पुरुष अशा नोंदीसाठी असते आणि त्याला रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला लागतो. कायद्याच्या कलमात शस्त्रक्रिया असा शब्द आहे, तर नियमांत वैद्यकीय उपचारांची व्याख्या व्यापक असून तीत समुपदेशन आणि हार्मोनचे उपचारही येतात. या फरकामुळे एका कचेरीत हार्मोनच्या दाखल्यावर अर्ज स्वीकारला जातो आणि दुसऱ्या कचेरीत शस्त्रक्रियेचा कागद मागितला जातो. एप्रिलची तारीख डोळ्यांसमोर असताना हा वाद अंगावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ असा की आज आपल्याला पासपोर्टवर ‘टी’ (पारलिंगी) अशी नोंद मिळू शकते, ‘एफ’ (स्त्री) मिळणे लांबणीवर पडेल. नियमांच्या परिशिष्टात ज्या कागदपत्रांत बदल करून द्यायचा आहे त्यांच्या यादीत पासपोर्टचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्ज नव्या पासपोर्टचा करू नये. वैयक्तिक तपशिलातील बदलासाठी पुनर्वितरण, म्हणजे ज्याला सगळे री-इश्यू म्हणतात, त्याचा करावा. छत्तीस पानी पुस्तिकेचे साधे शुल्क १५०० रुपये आहे. पूर्वी कोणते नाव वापरत होता, हा प्रश्न अर्जात असतो आणि त्याचे उत्तर खरे द्यावे. जुन्या पासपोर्टचा क्रमांक नव्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर येतो, त्यामुळे दोन ओळखींमधला दुवा तिथेच तयार होतो.

वडिलांचे नाव घालण्यावरून घरी तणाव असेल, तर डिसेंबर २०१६ पासून आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालते.

जन्मदाखल्याबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये असा आदेश दिला आहे की जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत निबंधकांनी जुने व नवे नाव आणि जुने व नवे लिंग, असे दोन्ही तपशील असलेला दाखला द्यावा. घरमालकाला दाखवण्यासाठी असा दाखला कोणालाही नकोसा वाटेल, आणि त्यात गोपनीयतेचा जो भंग आहे तो मला खटकतो. वकिलातीसाठी मात्र तोच सर्वांत सोयीचा कागद आहे, कारण दोन नावांची व्यक्ती एकच आहे हे तिथे शासनाने स्वतः लिहून दिलेले असते.

व्हीटीयूची पदवी आणि एसएसएलसी यांच्यामागे आत्ता लागू नये. प्रदर्शनाच्या व्हिसाला पदवी कोणी मागत नाही. नोटरीसमोर केलेले ‘वन अँड सेम’, म्हणजे दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे, प्रतिज्ञापत्र सोबत असले म्हणजे पुरे.

मलप्रभाकाठ

वकीलसाहेब, पोलीस पडताळणीची मला अधिक धास्ती आहे. गावच्या पत्त्यावर पोलीस गेले तर घरी आणि गल्लीत काय होईल याची कल्पना आपल्याला असेल.

कॅम्पातील_वकील

पडताळणी अर्जात दिलेल्या सध्याच्या पत्त्यावर होते. आपण टिळकवाडीत खरोखर राहत असल्यामुळे तोच पत्ता द्यावा, आणि नोंदणीकृत भाडेकरार व वापरात असलेल्या बँक खात्याचे पासबुक पुरावा म्हणून ठेवावे. आधारवर गावचा पत्ता राहिला असेल तर तो आधी बदलावा. आधारमध्ये लिंगाची नोंद एकदाच बदलता येते, पत्त्याला तशी मर्यादा नाही.

खडेबाजार_तिकीट

निपाणीवाल्यांचा युरोपच्या नोंदीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता असे नाही, पण त्याचे वजन त्यांनी दाखवले तेवढे मी धरले नव्हते. तसे असेल तर ‘टी’ पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांसाठी तिकिटाच्या बाजूने काही गोष्टी सांगतो.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, मानकात पासपोर्टवर लिंगासाठी ‘एम’, ‘एफ’ आणि अनिर्दिष्ट असल्यास ‘एक्स’ एवढीच अक्षरे आहेत. आपला ‘टी’ त्या मानकात बसत नाही. काही विमान कंपन्यांनी २०१९ पासून तिकिटाच्या पद्धतीत ‘एक्स’ आणि ‘यू’ (लिंग उघड न करणे) असे पर्याय घेतले, पण प्रवाशांना दिसणाऱ्या संकेतस्थळावर ते असतीलच असे नाही. म्हणून असे तिकीट संकेतस्थळावरून घाईने काढू नये. कंपनीला फोन करून पासपोर्टवर काय आहे ते सांगावे, त्यांनी कोणता पर्याय निवडायला सांगितले ते ईमेलवर लिहून घ्यावे आणि तो ईमेल छापून फाइलमध्ये ठेवावा.

दुसरी गोष्ट नावाच्या रचनेची आहे, आणि आपल्या भागात ती सगळ्यांनाच छळते. महाराष्ट्रात शिकलेल्याचे नाव स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव अशा क्रमाने असते, इकडच्या शाळेच्या दाखल्यावर कधी आडनाव आधी येते, आणि कन्नड नोंदीवरून इंग्रजीत उतरवताना शेवटी एखादा ‘ए’ वाढतो. नाव बदलतानाच हे सारे एकसारखे करून घ्यावे. ओळख प्रमाणपत्रावर जे इंग्रजी स्पेलिंग आहे, तेच अक्षर न् अक्षर आधार, पॅन आणि पासपोर्टवर आले पाहिजे. मधले नाव ठेवायचे की काढायचे ते आत्ताच ठरवावे. नंतर बदलले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तिसरी गोष्ट मार्गाची. मोपा (गोवा) किंवा मुंबईहून आखातातील शहरात विमान बदलून जाणारे तिकीट स्वस्त मिळते आणि कारखान्याचा हिशेबनीस तेच मागेल. ते घेऊ नये. बंगळुरूहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे आणि सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बंगळुरू गाठता येते.

रुवीहून

मी मूळचा खानापूरचा, नोकरीनिमित्त मस्कतमध्ये आहे. वरच्या शेवटच्या परिच्छेदाला माझा पूर्ण दुजोरा आहे. ओमानच्या २०१८ च्या दंडसंहितेत पुरुषाने स्त्रीवेशात वावरणे हा गुन्हा असून त्याला एक महिना ते एक वर्ष कैदेची शिक्षा आहे, आणि तिथे ‘पुरुष’ कोण हे पासपोर्टवरून ठरते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अबू धाबीत सिंगापूरच्या दोन नागरिकांना, ज्यांतील एक ट्रान्स स्त्री होती, केवळ पेहरावावरून पकडून एक वर्षाची शिक्षा सुनावली गेली होती. पुढे ती दंडावर आली आणि त्यांना मायदेशी पाठवण्यात आले. कुवेतच्या घटनात्मक न्यायालयाने अशा प्रकारचे कलम फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केले, पण एका देशाच्या निकालावर शेजारच्या देशात विसंबता येत नाही.

विमानतळाच्या आत राहून विमान बदलणे आणि देशात प्रवेश करणे यांत फरक आहे, हे खरे. मात्र विमान चुकले किंवा रद्द झाले की कंपनी हॉटेल देते, आणि हॉटेलला जायचे म्हणजे देशात प्रवेश करावा लागतो. ही शक्यता धरून मार्ग ठरवावा.

औषधांचेही लक्षात ठेवावे. संयुक्त अरब अमिरातींत नियंत्रित औषधांसाठी तेथील सरकारची पूर्वपरवानगी लागते. ट्रान्स पुरुष जे टेस्टोस्टेरॉन घेतात, ते कित्येक देशांत नियंत्रित यादीत आहे. अमेरिकेतही तसेच आहे. डॉक्टरांची चिठ्ठी पासपोर्टवर आहे त्याच नावाने असावी आणि औषध मूळ खोक्यातच असावे.

सौंदत्तीची

या चर्चेत जोगप्पांचा, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेल्या पारलिंगी व्यक्तींचा, विषय यावा म्हणून लिहिते. आमच्याकडे यल्लम्माला सोडलेल्या जोगप्पांमध्ये शस्त्रक्रियेची प्रथा नाही, आणि पुष्कळांची शाळा दहावीच्या आत सुटलेली असते. त्यामुळे पासपोर्ट काढलाच तर त्यावर ईसीआर, म्हणजे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’, असा शिक्का येतो, आणि आखाती देशांसह ठरलेल्या अठरा देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची उत्प्रवास मंजुरी लागते. कार्यक्रमात नाचण्याचे काम आहे असे सांगून पर्यटक व्हिसावर नेणारे दलाल याच ठिकाणी फसवतात, कारण पर्यटनासाठी ती मंजुरी लागत नाही. तिथे पोचल्यावर व्हिसा कामाचा नाही, पासपोर्टवर पुरुष अशी नोंद आहे आणि अंगावर लुगडे आहे, अशी तिहेरी अडचण होते. कोणी असा प्रस्ताव आणला तर नोंदणीकृत एजंट आहे का ते विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर विषय तिथेच संपवावा.

ज्यांना केवळ पशुपतिनाथाला जायचे आहे त्यांच्यासाठी पासपोर्टची गरज नाही. नेपाळला विमानाने जाताना भारतीय नागरिकाचे निवडणूक ओळखपत्र चालते. आधारकार्ड मात्र पंधरा ते पासष्ट वर्षे वयाच्या व्यक्तींना चालत नाही. मतदार यादीत ‘इतर’ हा पर्याय २००९ पासून आहे. नाव आणि फोटो दुरुस्त करून घेतलेले मतदार कार्ड मिळवणे पासपोर्टपेक्षा पुष्कळ सोपे आहे, आणि नेपाळ स्वतः २०१५ पासून आपल्या नागरिकांना तिसऱ्या नोंदीचे पासपोर्ट देत असल्यामुळे तिथल्या अधिकाऱ्यांना त्यात नवल वाटत नाही.

गोकाकरोड

माझ्या जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे. नवा पासपोर्ट आणि जुना व्हिसा असे दोन्ही घेऊन न्यू जर्सीला बहिणीकडे जाता येईल का?

खडेबाजार_तिकीट

पासपोर्ट नुसता संपला असता आणि नाव तेच राहिले असते, तर दोन्ही पुस्तिका घेऊन जाता येते. नाव आणि लिंग बदलले असेल तर नव्याने अर्ज करावा. त्या अर्जात पूर्वी वापरलेली नावे विचारतात आणि ती सगळी द्यावी लागतात. २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानंतर तेथील शासन जन्मावरून ठरणारी स्त्री आणि पुरुष एवढीच नोंद मानते, त्यामुळे नव्या व्हिसावर आपल्या मनाजोगी नोंद येईल असे गृहीत धरू नये. मुलाखतीत काहीही लपवू नये, कारण खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. बहिणीला इकडे बोलावण्याचा पर्याय मी तुमच्या जागी आधी पाहिला असता.

मलप्रभाकाठ

सर्वांचे आभार. मी ‘टी’ नोंदीच्या पासपोर्टसाठी री-इश्यूचा अर्ज करण्याचे ठरवले आहे. त्याआधी आधारवरचा पत्ता आणि पॅनवरचे नाव बदलून घेते, म्हणजे पुढच्या आयकर विवरणपत्रावर तरी नवे नाव येईल. कारखान्याच्या व्यवस्थापकांशी बोलले. त्यांनी थेट विमानाचा खर्च मान्य केला आहे, मात्र नवा पासपोर्ट जानेवारीअखेर हाती आला नाही तर माझ्या जागी दुसऱ्याला पाठवावे लागेल असेही सांगितले आहे. ते मला रास्त वाटते. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या किती आधी करता येतो?

खडेबाजार_तिकीट

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रदर्शनाच्या हंगामात बंगळुरूच्या केंद्रात वेळ मिळणे कठीण होते, म्हणून पासपोर्ट हाती येताच वेळ घ्यावी. जुनी रद्द पुस्तिका, ओळख प्रमाणपत्र आणि कारखान्याचे पत्र एकत्र जोडावे, आणि त्या पत्रात ‘पूर्वीचे नाव अमुक’ असे एक वाक्य लिहून घ्यावे. कमाईची जुनी विवरणपत्रे जुन्या नावाची असल्यामुळे त्या वाक्याशिवाय ती कोणाची आहेत हे कळणार नाही.

शिनोळीफाटा

माझे रेशनकार्ड चंदगड तालुक्यातील आहे, पण गेली काही वर्षे मी बेळगावातच शहापूरला राहतो. ओळख प्रमाणपत्राचा अर्ज कोल्हापूरला करावा की बेळगावला? पासपोर्ट कोणत्या कार्यालयाकडे जाईल?

कॅम्पातील_वकील

अर्जाच्या दिवशी सलग बारा महिने ज्या जिल्ह्यात आपले वास्तव्य आहे, त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. त्यामुळे तो बेळगावला करावा, आणि रेशनकार्डाऐवजी शहापूरचा भाडेकरार किंवा वीजबिल जोडावे. केंद्राच्या राष्ट्रीय पोर्टलवरून घरबसल्या अर्ज भरता येतो. तीस दिवसांत प्रमाणपत्र मिळणे अपेक्षित आहे, आणि नाकारल्यास कळवल्यापासून नव्वद दिवसांत अपील करता येते. पासपोर्टचा अर्ज २०१८ पासून देशात कुठूनही करता येतो. सध्याचा पत्ता शहापूरचा दिलात तर पडताळणी बेळगावचे पोलीस करतील, चंदगडचा दिलात तर तिकडचे करतील. दोन्ही अर्जांत पत्ता एकच ठेवावा.